वर्तणुकीचा दाखला

पत्र इंग्रजीत होतं आणि आमच्या गावात इंग्रजी म्हणजे मी. माझं इंग्रजी ते काय, मराठी सातवीची फायनल झाल्यावर वडूजच्या एका वकिलाच्या कारकुनाकडून चार महिन्यांत उचललेलं. पण शाळेचा मास्तर मी, टपालाची पेटीही माझ्याच ओट्यावर. त्यामुळे तार आली, पलटणीतून कुणी मेल्याचा कागद आला, की माणसं माझ्या दारात येऊन बसायची. लढाईच्या सहा वर्षांत असे सात कागद मी वाचले. मान खाली घालायची, हळू बोलायचं आणि बायकांनी ऊर बडवायला सुरुवात केली की उठून आत जायचं, एवढं मला चांगलं जमायला लागलं होतं.

सेहेचाळीस सालचा शिमगा नुकताच झाला होता. नाथाजी तो कागद धोतराच्या सोग्यात गुंडाळून घेऊन आला आणि पायरीवर उकिडवा बसला. त्याचा एकुलता एक मुलगा जोतिबा आरमारात होता. गावातली चाळीस पोरं पलटणीत, हा एकटाच दर्यावर. साताऱ्याला भरतीत छाती अर्धा इंच कमी भरली, पण लोणंदला एका तेलाच्या घाण्याच्या इंजिनावर त्यानं दोन वर्षं काम केलेलं. त्याचे काळे हात बघून कुणा साहेबानं त्याला मुंबईला धाडलं आणि जहाजाच्या पोटातल्या इंजिनावर नेऊन बसवलं.

मी पत्र दोनदा वाचलं. अर्थ सरळ होता. जहाजाच्या दप्तरातून अमुक नंबरच्या इसमाचं नाव कमी करण्यात आलं आहे.

"काय म्हंतुया कागुद?" नाथाजीनं विचारलं.

"जोतिबाचं नाव काढलंय," मी म्हणालो.

नाथाजी माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचे डोळे भरून आले. "काढलं? माज्या जोत्यानं नाव काढलं म्हंता, गुरुजी?" आणि त्यानं माझे पाय धरले.

तिथंच सांगायला हवं होतं. बाबा रे, पोरानं नाव काढलं नाही, पोराचं नाव काढून टाकलं, पुसलं. दोन वाक्यांचं काम होतं. पण ज्या माणसानं आयुष्यात कधी माझ्यासमोर मान वर केली नव्हती, तो हसत होता. सात घरांत माझ्या वाचण्यानं रडारड झाली होती. एका घरात आनंद होतोय तर होऊ दे, उद्या सांगू, असं मी स्वतःला म्हणालो. संध्याकाळपर्यंत नाथाजीनं गुळाची अख्खी ढेप फोडून गावभर वाटली. पहिला खडा माझ्या तोंडात घातला. मी तो खाल्ला.

एकदा गूळ वाटल्यावर कोण सांगणार? गोष्ट सुभेदारांपर्यंत गेली. हंबीरराव सुभेदार पहिल्या लढाईतून पेन्शनीवर आलेले. कोटाला पाच बिल्ले, विहिरीवर तीन एकर ऊस, लोकल बोर्डात खुर्ची. मी राहत होतो ते घर त्यांचं, बिनभाड्याचं. त्यांच्या एका शब्दावर माझी बदली माण तालुक्यातल्या एखाद्या बिनपाण्याच्या वाडीवर झाली असती. सुभेदार म्हणाले, दर्यावरचा का असंना, गावचा शिपाई हाय, वाजवत आणायचा.

तीन आठवड्यांनी, कार्डात कळवलेल्या दिवशी, जोतिबा मोटारीतून उतरला. खांद्यावर लांबुळकी कॅनव्हासची पिशवी, डोक्याला टोपी नाही. समोर हलगी, लेझीम, कुंकवाची ताटं घेतलेल्या बायका. त्याला वाटलं कुणाच्या तरी लग्नाची वरात आहे. वरातीला वाट द्यावी म्हणून तो बाजूच्या बाभळीखाली जाऊन उभा राहिला. सुभेदार हार घेऊन तिथं गेले.

"बिल्लं कुठं हायती रं?"

"बिल्लं न्हाईत, सुभेदार," जोतिबा म्हणाला. "आमी जहाजांवर संप केला. भाकरीत खडं लागायचं, साहेब आईवरनं शिवी द्यायचा. समद्यांनी काम टाकलं. मंग आदी कोंडलं आन् नाव काढून घराकडं लावून दिलं."

हलगी थांबली. बापानं एकदा पोराकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "आवं, गुरुजी तर म्हनलं..."

"मी बरोबरच वाचलं होतं," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "अर्थ ह्यांनी घेतला."

शब्दाला शब्द ते खरं होतं. त्या दिवसापासून गावानं जोतिबाचं नाव 'नावकाढ्या' ठेवलं.

आमच्याच जिल्ह्यात तेव्हा पोरं सरकारी खजिने लुटत होती आणि आम्ही त्यांना उसाच्या फडात भाकरी पोचवत होतो. त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. पण आमचं गाव पेन्शनींचं. इथं हुकूम मोडून आलेला शिपाई म्हणजे सासरहून पळून आलेली पोरगी. पारावर पोरं त्याला ऐकू जाईल असं विचारायची, दर्यातली मासळी बरी असती का रं, पलटणीत तर गोळीच मिळती. जोतिबा न थांबता पुढं जायचा. त्याची बायको बनू हिला पाणवठ्यावर असा काही त्रास व्हायचा, की ती गावची विहीर सोडून दीड मैलावरच्या ओढ्यातल्या झऱ्यावर जायला लागली. डोईवर दोन, काखेत एक अशा घागरी घेऊन भर उन्हात ती येताना मी शाळेच्या खिडकीतून रोज बघत होतो.

जोतिबाच्या सवयी गावाला हसायला पुरायच्या. सकाळी उठला की बादलीभर पाणी घेऊन गुडघ्यावर बसून सोप्याची फरशी पुसायचा. बाप्यामाणसानं जमीन पुसायची! म्हशीला खुंट्याला बांधायचा ती गाठही वेगळीच. कितीही ओढा, आवळायची नाही, आणि सोडताना एका बोटानं सुटायची. गडीमाणसांना शिकवायला गेला तर म्हणाले, आमच्या म्हशी दर्यात जात न्हाईत. बनूनं तेवढी शिकून घेतली.

पण इंजिन बंद पडलं की हसणं बंद व्हायचं. लढाईनंतर आमच्या भागात जिकडंतिकडं जुनी तेलाची इंजिनं आली होती, पिठाच्या गिरणीला, उसाच्या चरकाला, विहिरीवर. ती कुणाला कळत नव्हती. जोतिबा यायचा, बाभळीच्या काठीचं एक टोक इंजिनाला टेकवायचा, दुसरं दातात धरायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मग म्हणायचा, "हितं झिजलंय." उघडून बघावं तर तिथंच झिजलेलं. मोबदल्यात कुणी पायलीभर जोंधळे द्यायचं, कुणी नुसता चहा. आणि जाताना म्हणायचे, "नावकाढ्याचा हात बरा हाय पर."

स्वातंत्र्य मिळालं त्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. दाढी केलेली, सदरा धुतलेला. "गुरुजी, अर्ज लिवा. आता आपलं सरकार हाय. ज्या साहेबानं काढलं त्यो गेला की." मी माझ्या सर्वांत चांगल्या इंग्रजीत अर्ज लिहिला. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, की परत घेता येत नाही. मी वाचून दाखवलं, यावेळी अगदी फोड करून. जोतिबानं कागद घडी करून खिशात घातला. "सायब बदललं, फायली त्याच," एवढं बोलून उठला.

त्याच हिवाळ्यात सांगलीच्या रायगोंडा पाटलांची मालमोटार येरळेच्या पात्रात अडकली. त्यांची सांगलीला तेलाची गिरणी होती, दोन मोठी इंजिनं. मोटारीचं इंजिन कुणालाच चालू होईना. जोतिबा गुडघाभर चिखलात चार तास पडून राहिला आणि संध्याकाळी मोटार पैलतीरी लागली. रायगोंडा जैन माणूस, मोजकं बोलणारा. तिथंच म्हणाला, "माझ्याकडं चल की रे. दोन खोल्या देतो. इंजिनघर तुझंच." मग जोतिबानं घरून आणलेला आरमाराचा कागद वाचून त्यानं परत दिला. "बघ, मला काय नाही. पण पेढीवर थोरले अण्णा हायत, ते हा कागद बघून नको म्हणतील. तुमच्या गावच्या कुणा वजनदार माणसाचा वर्तणुकीचा दाखला घेऊन ये. तेवढं पुरे."

वजनदार माणूस गावात एकच.

दाखला मी लिहिला. जाड, रेघांचा कागद, बोरूनं, ठळक अक्षरात. 'जोतिबा नाथाजी हा इसम निर्व्यसनी, जबाबदार व इंजिनकामात वाकबगार आहे.' खाली एक वाक्य मी आपल्या डोक्यानं घातलं, वजन पडावं म्हणून: 'माझ्या विहिरीवरील इंजिन सर्वस्वी त्याच्या ताब्यात व जबाबदारीवर असून त्याचे काम समाधानकारक आहे.' तारखेची आणि सहीची जागा मोकळी ठेवली. सुभेदारांनी चष्मा लावून वाचलं, हसले.

"करतो की सही. पर आदी माजं इंजान तुज्या ताब्यात असंल तवा न्हवं? एवढा हंगाम काढ. ऊस तुटला की सही."

दाखला माझ्या पेटीत राहिला. जोतिबा सुभेदारांच्या विहिरीवर राबायला लागला. पहाटे दिवा पेटवून इंजिनाचं डोकं तापवायचं, हँडल मारायचं, पट्टा चढवायचा, सूर्य वर येईपर्यंत उसाला पाणी. दुपारी तेलपाणी, संध्याकाळी पुन्हा. पगाराचा विषय त्यानं काढला नाही. पंधरा दिवसांनी एकदा माझ्या ओट्यावर येऊन विचारायचा, "हाय न्हवं कागुद?" मी पेटी उघडून दाखवायचो. मग तो जायचा. बनूनं ट्रंक भरून ठेवली होती. वरच्या लुगड्याची घडी ती दर आठवड्याला काढायची आणि पुन्हा घालायची, हे माझ्या बायकोनं पाहिलं.

त्या साली पाऊस दिवाळीच्या कितीतरी आधी उठून गेला होता. चैत्रात विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं, की पंप पाण्याऐवजी वारा ओढायला लागला. उसाची पानं कडेनं वाळून कागदासारखी वाजत होती. मोट चालवावी तर सुभेदारांनी इंजिन आल्यावर बैल विकून टाकलेले, मोटेचे जाड दोर, नाडे, गोठ्यात उंदरांनी कुरतडलेले. उपाय एकच, इंजिन आणि पंप विहिरीत उतरवायचा. तीस-बत्तीस हात खाली खडकाचा एक टप्पा होता, चार माणसं उभी राहतील एवढा.

"उतरवू," जोतिबा म्हणाला. "पर धुराला वरपतुर पाइप पायजे, सुभेदार."

"पाइप येतुया सांगलीवरनं," सुभेदार म्हणाले.

इंजिन उतरवलं तो दिवस मला आठवतो. अक्षयतृतीया होऊन आठवडा झाला असेल. वीस माणसं साखळीला लागली होती आणि जोतिबा अर्ध्या पायऱ्यांवर उभा राहून वर बघत ओरडत होता, "सोड... सोड... थांब! थांब म्हंतु न्हवं!" वीसच्या वीस माणसं त्याच्या शब्दाला थांबत होती. एवढं वजन खडकाला कुठं न घासता टप्प्यावर जाऊन बसलं. वर आला तेव्हा त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता आणि तो हसत होता. गावात आल्यापासून तो असा हसलेला मी पाहिला नव्हता.

चार दिवस झाले, पाइप आला नाही. पाचव्या दिवशी सकाळी सुभेदारांनी मला नारळ घेऊन विहिरीवर बोलावलं. नाथाजी होता, सुभेदारांचा सालगडी सयाजी होता, आणखी आठ-दहा माणसं. मी नारळ फोडला. सुभेदार जोतिबाला म्हणाले, "चल, लाव इंजान."

"पाइप कुठाय?"

"लोखंडाला परमिट लागतंय. कागुद साताऱ्यात पडलाय. पंध्रा दिस तरी जात्यात. तवर ऊस ऱ्हातुय का माजा? लाव तू."

"सुभेदार, धूर वर गेला न्हाई तर खाली मानूस टिकायचा न्हाई. आमच्या जहाजात टाकीत दोन गडी उतरलं हुतं. वरडलं न्हाईत, काय न्हाई. झोप लागल्यागत पडलं आन् मेलं."

"जहाजाची टाकी बंद असती. ही माजी हीर हाय, वर आभाळ हाय उगडं!"

"आभाळ वर हाय. धूर खाली बसतुय."

बघे हसले. सुभेदारांचा चेहरा लाल झाला. चारचौघांत त्यांना कुणी उलट बोलल्याला बरीच वर्षं झाली असावीत. "मला शिकीवतुस? चालू करतुस का न्हाई, येवढं बोल."

"न्हाई."

"जोत्या, लेका, आसं काय करतुस?" नाथाजी काकुळतीला आला. "कर की. येवढं दिस काढलंस, आता सहीचा टाइम आला."

"त्येला हुकूम मोडायची सवय लागलीया," सुभेदार म्हणाले. "सरकारचा मोडला, आता माजा."

"व्हय," जोतिबा म्हणाला. "लागलीया."

"गुरुजी, त्यो कागुद फाडून टाका."

जोतिबानं माझ्याकडे पाहिलंही नाही. धोंड्यावर ठेवलेला पाना उचलून फडक्यात गुंडाळला, सयाजीच्या हातात दिला आणि बांधावरून घराकडे चालायला लागला. मागून नाथाजी, काही ना काही बोलत. मी घरी गेलो. कागद फाडला नाही. चांगला जाड कागद होता, लढाईनंतर तसा मिळत नव्हता, एवढंच कारण. माझं त्यात काही धाडस शोधू नये.

दुपारी सुभेदारांनी मला पुन्हा बोलावलं. सयाजीनं पाच महिने जोतिबाचं काम बघितलं होतं, त्याला वाटत होतं की आपल्याला जमेल. सुभेदारांनी पाठीवर थाप मारली आणि तो पायऱ्या उतरला. थोड्या वेळानं खालून ठोका आला, मग दुसरा, मग इंजिन लागलं. वर पाटात पाणी पडलं. माणसं ओरडली. सुभेदारांनी ओंजळभर पाणी घेऊन तोंडावरून फिरवलं आणि मला म्हणाले, "बगितलं? येवड्यासाठी पंध्रा दिस थांबाय पायजे हुतं व्हय?"

मी म्हणालो, "नाही, बरोबर आहे तुमचं."

धूर विहिरीच्या तोंडापर्यंत येत होता आणि तिथंच घुटमळत होता. अर्ध्या तासानं सुभेदारांनी हाक मारली, "सयाजी, पट्टा बग रं!" उत्तर नाही. सगळ्यांनी मिळून हाका मारल्या. इंजिन आपलं चाललं होतं, पाणी पडत होतं, आणि खाली माणूस बोलत नव्हता.

जोतिबाला बोलवायला कुणी जावं लागलं नाही. इंजिनाचा आवाज गावात ऐकू गेला तसा तो निघाला होता. धावतच आला, मागून बनू. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. "नाडा कुठाय?"

गोठ्यातून एकच नाडा निघाला धड. जोतिबानं तो कमरेला बांधला, पटका कडेच्या दगडी थारोळ्यातल्या पाण्यात भिजवून तोंडाला गुंडाळला. "दोन हिसकं दिलं की वढा. आन् मानूस वर आला की नाडा लगीच खाली सोडा. लगीच. समजलं?"

तो उतरला. पायऱ्यांवर त्याची पावलं ऐकू आली, मग आली नाहीत. इंजिन बंद पडलं. एकदम इतकी शांतता झाली, की पाटातलं पाणी आटत गेल्याचा आवाज आला. मग नाड्याला दोन हिसके बसले. सहा जणांनी ओढलं. वर आला तो सयाजी, काखेतून नाडा घातलेला, तोंड निळं, पण छाती हलत होती. जोतिबानं आपल्या कमरेचा नाडा सोडून त्याला बांधला होता.

आणि ती गाठ आम्हाला सुटेना.

म्हशीची तीच गाठ. आम्ही ओढत होतो, नखांनी उचकत होतो, एकानं दातांनी धरली. कुणीतरी विळा आणला तर सुभेदार ओरडले, कापू नका, येवडाच नाडा हाय, आखूड हुईल. सयाजी मध्ये पडलेला आणि त्याच्या भोवती सहा माणसांचे बारा हात. बनू मागून ओरडत होती, "मला येती सोडाय, मला येती!" दोघांनी तिला दंडाला धरून ठेवलं होतं, बाईमाणूस विहिरीच्या कडेला नको म्हणून. मी तिच्याजवळ उभा होतो. तिला सोडा, असं मी म्हणू शकलो असतो. शेवटी तिनं एकाच्या हाताला कडकडून चावा घेतला आणि घुसली. अंगठ्यानं गाठीचा मागचा पदर ढकलला, गाठ उघडली. तेवढंच काम होतं.

नाडा खाली सोडला. "धर! जोतिबा, धर रं!" नाडा खाली लोंबकळत राहिला. बनू तो स्वतःच्या कमरेला गुंडाळायला लागली तेव्हा मात्र सगळ्यांनी मिळून तिला आवरलं. कंदील सोडला, तो विझला. मग झाडाच्या डहाळ्या दोऱ्यांना बांधून वारा ढवळला, पाण्याच्या घागरी ओतल्या. दोन माणसं उतरली तेव्हा दिवस कलला होता. जोतिबा इंजिनाला टेकून बसलेला सापडला, बंद केलेल्या तेलाच्या चावीवर हात ठेवलेला. वर आणला तेव्हा नाथाजीनं त्याच्या तोंडावरचा पटका काढला आणि तो त्याच पटक्यानं पोराचं तोंड पुसायला लागला. पुसत राहिला. कुणाला त्याचा हात धरायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडूजहून फौजदार येणार होता. त्याआधी सुभेदार माझ्या घरी आले. रात्रभर झोपले नव्हते, बिल्ल्यांचा कोट मात्र घातलेला. खाटेवर बसले.

"गुरुजी, त्यो कागुद फाडला?"

"नाही."

"बरं केलंत. आना."

मी पेटी उघडली. सुभेदारांनी चष्मा लावला, खालचं वाक्य बोट ठेवून वाचलं. सर्वस्वी त्याच्या ताब्यात व जबाबदारीवर. मग माझा बोरू घेऊन, जीभ दातात धरून, सही केली. पाच महिने जिच्यासाठी एक माणूस राबला ती सही करायला त्यांना पाणी पिण्याइतका वेळ लागला.

"तारीख घाला. आकितीची घाला, इंजान उतरिवल्याच्या आदीची."

मी सुभेदारांकडे पाहिलं. "सयाजी सांगनार हाय, जोतिबानं चालू कराय सांगिटलं म्हनून," ते म्हणाले. "गरीब हाय बिचारा, आजारी हाय. बोलला न्हाई तरी मान हालवंल." मग घरावरून, कौलांवरून, माझ्या बायकोनं लावलेल्या तुळशीवरून नजर फिरवत म्हणाले, "माणकडच्या एका शाळेची जागा रिकामी हाय म्हंत्यात. लय खराब गाव."

मी अक्षयतृतीयेची तारीख घातली. शाई तीच, अक्षर तेच.

फौजदार चावडीत बसला. सयाजीनं खाली बघून मान हलवली. सुभेदारांनी दाखला पुढं केला. फौजदारानं तो मोठ्यानं वाचला आणि पंचनाम्यात घेतलं, की सदर इंजिन मयताच्याच ताब्यात व जबाबदारीवर होतं, मयतानं योग्य ती काळजी घेतली नाही, कुणावर संशय नाही. पंच म्हणून पहिली सही माझी. "अक्षर कोणाचं हे दाखल्याचं?" त्यानं विचारलं. मी माझं म्हणालो. "सुंदर आहे," फौजदार म्हणाला.

बनू दारात उभी होती. कपाळ पुसलेलं, केस मोकळे. ती चावडीत पाऊल टाकेल असं कुणाला वाटलं नव्हतं, ती आत आली. सगळं तिनं ऐकलं होतं. फौजदाराकडे नाही, सुभेदारांकडे नाही, माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "सही झाली हुती व्हय, गुरुजी?"

मी टिपकागदानं पंचनाम्यावरची माझी सही टिपत राहिलो.

"कवाची तारीख म्हनलं ह्ये सायब?"

"अक्षयतृतीयेची," मी म्हणालो.

तिनं बोटांवर मोजलं. एका हाताची बोटं झाली, मग दुसऱ्याची, वर आणखी दोन. "बारा दिस. बारा दिस सही झालेला कागुद तुमच्या पेटीत हुता? ट्रंक भरलेली हुती की आमची. ह्ये पंध्रा दिसाला इचाराय येत हुतं तुमच्याकडं. कागुद दिला असता तर त्याच दिशी आमी सांगलीला गेलू असतू." तिचा आवाज चढला नव्हता, तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. "आन् तुमी दिला न्हाई? का वं?"

फौजदाराचा टाक कागदावर थांबला होता. सुभेदार माझ्याकडे बघत होते. भिंतीशी बसलेल्या नाथाजीनंही मान वर केली. ती वाट बघत उभी राहिली.

"द्यायचा राहिला," मी म्हणालो.